मनोरुग्णांची कौटुंबिक शुश्रूषा : रत्नागिरी जिल्हा

मानसिक व्याधीने ग्रस्त झालेल्या व्यक्तीची तिच्या घरी, मोबदल्याविना, कुटुंबीयांकडून होणारी दीर्घकालीन देखभाल म्हणजे कौटुंबिक शुश्रूषा होय. वेळेवर औषध देणे, आंघोळ व जेवण ह्यांकडे लक्ष पुरविणे, रात्री जागणे, घराबाहेर निघून गेलेल्या रुग्णाचा शोध घेणे, त्याच्या वतीने शेजाऱ्यांची समजूत घालणे व दवाखान्याच्या खेपा करणे ह्या सर्वांचा तीत समावेश होतो. हे काम करणारी व्यक्ती बहुधा आई, पत्नी, बहीण किंवा सून असते. रुग्णासाठी रुग्णालये, कायदे व अनुदाने ह्यांची तरतूद क्रमाक्रमाने होत गेली; परंतु शुश्रूषा करणाऱ्याच्या गरजांचा विचार फार उशिरा सुरू झाला आणि जे साहाय्य उपलब्ध झाले, तेही पुष्कळदा वापराविना राहिले. ही दोन्ही अंगे समजून घेण्यास रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. ह्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. आणि ह्याच जिल्ह्यातून कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात राहिल्याने घरच्या रुग्णाचा भार मुख्यत्वे स्त्रियांवर व वृद्धांवर पडत आला आहे.

प्रदेश व कुटुंबरचना : सह्याद्री व अरबी समुद्र ह्यांच्या दरम्यान पसरलेल्या ह्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौ.किमी. असून १ मे १९८१ रोजी त्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा करण्यात आला. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजे व राजापूर हे त्याचे नऊ तालुके होत. डोंगरउतार, खाड्या व नद्या ह्यांमुळे वस्ती एका जागी दाट न होता वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. मुंबईतील कापडगिरण्या, गोदी व घरकाम ह्यांनी एकोणिसाव्या शतकापासून येथील मनुष्यबळ ओढून घेतले. चाकरमानी मुंबईस आणि कुटुंब गावी, ही रचना रूढ झाली व मनीऑर्डर हा घरखर्चाचा आधार बनला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. ती २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत घटली. त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १,१२२ होते. ह्या आकड्यांचा शुश्रूषेच्या दृष्टीने अर्थ असा, की घरात रुग्णाजवळ राहणारी व्यक्ती एक असते आणि पैशाचा व प्रवासाचा निर्णय घेणारी व्यक्ती पुष्कळदा दुसरीच, दूरच्या शहरात असते. शहरात आजारी पडलेला चाकरमानीदेखील शेवटी गावच्या घरीच आणला जातो. कारण चाळीतील दहा-बारा माणसांच्या खोलीत त्याला सांभाळणे अशक्य असते. अशा रीतीने मुंबईच्या श्रमजीवनातील आजारपणाचा मोठा वाटा कोकणातील माजघरांनी उचलला.

रुग्णालयापूर्वीची व्यवस्था : मनोविकाराची गणना व्याधीत होण्यापूर्वी ती बाधेत, कोपात किंवा पूर्वकर्मात होत असे. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालणे, कौल लावणे, अंगारा लावणे, भगताकडून बाधा उतरवून घेणे हे उपाय सर्वत्र योजले जात. त्यांनी रोग बरा होत नसे आणि कित्येकदा उपचारास घातक विलंब होई. मारहाण, उपवास, बांधून ठेवणे ह्यांसारखे अघोरी प्रकारही त्यांच्या आश्रयाने चालत. तथापि ही व्यवस्था दीर्घकाळ टिकण्याची काही व्यावहारिक कारणे होती. देऊळ पायी जाण्याच्या अंतरावर असे. गाऱ्हाणे एकट्या रुग्णाचे नसून सबंध घराचे असे, त्यामुळे सांभाळणाऱ्या स्त्रीचे कष्टही चारचौघांत बोलले जात. बाधा ही बाहेरून आलेली मानली गेल्याने कुळाला दोष लागत नसे. आणि ह्यासाठी कोणताही दाखला लागत नसे. पुढे जी आधुनिक व्यवस्था आली, ती उपचाराच्या बाबतीत निःसंशय श्रेष्ठ होती. मात्र ह्या चारही बाबतींत ती कुटुंबाला अधिक अवघड वाटली.

वसाहतकालीन कायदे व मनोरुग्णालय : १८५८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांविषयीचे कायदे संमत झाले. त्यांचा मुख्य हेतू भटक्या व धोकादायक रुग्णांस वेड्यांच्या इस्पितळात ठेवून सार्वजनिक सुरक्षितता राखणे हा होता. ह्या धोरणानुसार स्थापन झालेल्या संस्थांपैकी रत्नागिरीचे इस्पितळ (१८८६) एक होय. नागपूर, ठाणे व येरवडा (पुणे) येथील संस्थांबरोबर ते पुढे महाराष्ट्र राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक बनले. ३६५ खाटांचे हे रुग्णालय चोहोंत लहान असून कोकण व दक्षिण महाराष्ट्रातील रुग्ण तेथे येतात. ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे नाव १९२० नंतर शासकीय व्यवहारातून मागे पडले. तरी ठाण्याला, येरवड्याला किंवा रत्नागिरीला ‘पाठवणे’ हा वाक्प्रयोग मराठी बोलण्यात उपहासाने रूढ राहिला. उपचाराचे ठिकाणच उपहासाचा विषय झाले, ही गोष्ट त्या ठिकाणाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या कुटुंबांना अधिक जाचक ठरली.

१९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने कुटुंबाचा विचार केला, पण तो अर्जदार, खर्च देणारा व जामीनदार म्हणून. दाखल करून घेण्याच्या अर्जास दोन वैद्यकीय दाखले जोडावे लागत. अर्जदाराने अर्जापूर्वी चौदा दिवसांच्या आत रुग्णास पाहिलेले असणे आवश्यक असे आणि निदान सहा महिन्यांतून एकदा स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत रुग्णास भेटण्याची हमी त्याला द्यावी लागे. निर्वाहखर्चाची लेखी जबाबदारी घ्यावी लागे. रुग्णास घरी नेताना नातेवाइकाकडून नीट देखभालीचा व रुग्णापासून कोणास इजा न होऊ देण्याचा बंधपत्राद्वारे करार घेतला जाई. घरी रुग्णाची हेळसांड होत असल्यास न्यायाधीश नातेवाइकास बोलावून आदेश देऊ शके व तो न पाळल्यास शिक्षा होई. म्हणजे कुटुंबाची कर्तव्ये कायद्याने बारकाईने लिहिली. कुटुंबाला द्यावयाच्या साहाय्याचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. हा कायदा १९९३ पर्यंत अंमलात होता. दाखल करणे म्हणजे न्यायालय, पोलीस व कागदपत्रे, ही समजूत खेड्यापाड्यांतून दृढ होण्यास ऐंशी वर्षांचा हा अनुभव कारणीभूत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : भोर समितीने १९४६ मध्ये आपल्या अहवालात दाखवून दिले, की इंग्लंडात सु. ३०० लोकसंख्येमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती, तर हिंदुस्थानात सु. ४०,००० लोकसंख्येमागे एक. त्यावरून हे उघड होते, की बहुसंख्य रुग्ण घरीच होते. केवळ त्यांची मोजदाद होत नव्हती. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्यासागर ह्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातील तंबूंत राहण्यास प्रोत्साहन दिले. नातेवाइकांना व्याधीची ओळख झाली, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि कुटुंब हा उपचाराचा भाग मानला जाऊ लागला. वेल्लोर व बंगलोर येथील संस्थांतही ही पद्धती विकसित झाली.

ह्याच दशकात क्लोरप्रोमॅझीनसारखी औषधे प्रचारात आल्याने छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) व तत्सम तीव्र विकारांचे रुग्ण घरी राहू शकतील, अशी शक्यता निर्माण झाली. हा मोठाच लाभ होता. परंतु औषध नियमित देणे, दुष्परिणाम ओळखणे व विकार उलटण्याची पूर्वचिन्हे ध्यानात घेणे ही परिचारिकेची कामे त्यामुळे प्रशिक्षणाविना घरातील स्त्रीकडे आली. जागतिक आरोग्य संघटनेने सुरू केलेल्या छिन्नमानसाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत आग्रा हे एक केंद्र होते. भारतासारख्या देशांत रुग्णांची वाटचाल तुलनेने चांगली असते, असा निष्कर्ष ह्या पाहणीतून निघाला व त्याचे श्रेय पुष्कळांनी कुटुंबाला दिले. ह्या श्रेयाची दुसरी बाजू १९८१ मध्ये शैला पै व रवी कपूर ह्यांनी कुटुंबावरील भार मोजण्याची जी श्रेणी प्रसिद्ध केली, तिच्यामुळे पुढे आली. पैसा, घरातील नित्यक्रम, विरंगुळा, परस्परसंबंध तसेच इतरांचे शारीरिक व मानसिक आरोग्य ह्या सर्वांवर रुग्णाच्या आजाराचा परिणाम होतो, हे तीवरून पद्धतशीरपणे नोंदता येऊ लागले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अंमलात आला. त्याने प्रवेशाची रीत सोपी केली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ‘शुश्रूषक’ ह्या संज्ञेची व्याख्या दिली : रुग्णासोबत राहून त्याच्या देखभालीची जबाबदारी घेणारी, मोबदला घेणारी वा न घेणारी व्यक्ती. कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, निवारागृहे व घरपोच पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरविण्यात आली. रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी शुश्रूषक-भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र तो शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत द्यावयाचा आहे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीवरील समुपदेशनाची सेवाही उपलब्ध आहे.

शुश्रूषकाच्या गरजा : ह्या गरजा पाच प्रकारच्या आढळतात. पहिली गरज माहितीची. हा आजार आहे, हट्ट किंवा आळस नव्हे. तो किती काळ राहील. औषध का थांबवू नये, हे घरच्या भाषेत सांगणारे कोणी असावे लागते. दुसरी विश्रांतीची. रात्रंदिवस पहारा देणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून काही तास किंवा वर्षातून काही दिवस सुटका मिळाली नाही, तर ती स्वतः रुग्ण बनते. तिसरी पैशाची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, कुटुंबांना उपचार व प्रवास ह्यांवर दरमहा सु. १,००० ते १,५०० रुपये खर्च करावे लागतात, असे दिसून आले. (ह्या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.) चौथी गरज सोबतीची, कारण अशा घरी येणेजाणे हळूहळू कमी होते. पाचवी गरज भविष्याच्या हमीची. वृद्ध आईबाप बहुधा मोठ्याने न विचारणारा प्रश्न असा असतो, की आपल्यामागे ह्याला कोण पाहील. पहिल्या चारही गरजा भागल्या, तरी ह्या पाचवीचे उत्तर मिळाल्यावाचून कुटुंबाची चिंता शमत नाही.

साहाय्य न वापरण्याची कारणे : वरील पाहणीनुसार विविध मानसिक विकारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. ह्याचे खापर अज्ञानावर व अंधश्रद्धेवर फोडण्याची प्रथा आहे. ती कारणे खरी असली, तरी पुरेशी नाहीत. सोय जवळ असून ती न वापरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब पुष्कळदा सुसंगत असतो.

पहिले कारण म्हणजे शुश्रूषक स्वतःला शुश्रूषक समजत नाही. आई आईपण करीत असते, सून सुनेचे कर्तव्य करीत असते; त्यामुळे ‘शुश्रूषकांसाठी मदत’ असे म्हटल्यावर ती आपल्यासाठी आहे, असे तिला वाटतच नाही. दुसरे कारण अंतराचे. मंडणगड तालुक्यातून रत्नागिरीस येण्यास शंभराहून अधिक किमी. प्रवास करावा लागतो. पण अंतरापेक्षाही मोठी अडचण वेगळीच असते : मदत घेण्यासाठी जिने घराबाहेर पडायचे, तिच्यावाचून घरी रुग्णाजवळ दुसरे कोणी नसते. रुग्णास सोबत न्यावे, तर एस्. टी. च्या गर्दीत तो बिथरण्याची भीती. शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते. विश्रांतीसाठी योजलेली सोय मिळविण्यास विश्रांतीचाच वेळ लागावा, असा हा पेच आहे.

तिसरे कारण दाखल्यांचे. मानसिक आजार १९९५ च्या कायद्याने अपंगत्वात धरला गेला व त्याचे मोजमाप करण्याची श्रेणी २००२ मध्ये अधिसूचित झाली. ४० टक्के अपंगत्व सिद्ध झाल्यास लाभ मिळतात. परंतु छिन्नमानसाचा रुग्ण तपासणीच्या दिवशी शांत असू शकतो, आणि आपण आजारी आहोत हेच त्याला पुष्कळदा मान्य नसते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली दरमहा मिळणारी रक्कम २०१९ मध्ये १,००० रुपये व २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आली. तिच्यासाठी उत्पन्न, वय, रहिवास व अपंगत्व ह्यांचे दाखले तहसील कार्यालयात द्यावे लागतात. चौथे कारण योजनांच्या रचनेत आहे. आयकर कायद्याने अपंग व्यक्तीस सांभाळणाऱ्यास दिलेली वजावट कर न भरणाऱ्या कुटुंबाच्या उपयोगाची नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ आरोग्यविमा योजना व पालकत्वाची तरतूद स्वमग्नता, मस्तिष्क पक्षाघात, मनोदौर्बल्य व बहुविकलांगता ह्यांपुरती आहे. छिन्नमानसाच्या रुग्णास ती लागू नाही. आईबापांच्या पाचव्या गरजेचे जे उत्तर एका आजारासाठी कायद्याने दिले, ते शेजारच्या घरातील दुसऱ्या आजारासाठी दिले नाही.

पाचवे कारण लोकापवादाचे. आजाराचा शासकीय दाखला काढणे म्हणजे तो आजार जाहीर करणे होय. घरात लग्नाच्या मुली असतील, तर दरमहाच्या अनुदानापेक्षा सोयरीक मोडण्याची भीती मोठी ठरते. त्यामुळे काही कुटुंबे जवळचे रत्नागिरी टाळून मुद्दाम कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. म्हणजे सेवेची जवळीक हीच तिचा दोष बनते. सहावे कारण निर्णयाच्या अधिकाराचे. रुग्णाचे रोजचे वागणे गावी असलेल्या पत्नीला किंवा आईला ठाऊक असते. उपचाराचा निर्णय मुंबईतील मुलगा किंवा दीर घेतो, आणि तो बहुधा गणपतीला व शिमग्याला येतो. शेवटचे कारण पूर्वानुभवाचे. एकदा ‘तुम्हीच नीट लक्ष दिले नाही’ असे ऐकून परतलेली स्त्री पुन्हा त्या दारात सहसा जात नाही.

ह्या सर्वांचा परिणाम दोन टोकांना दिसतो. साहाय्य न घेता थकलेले कुटुंब एक दिवस पूर्णपणे हात टेकते आणि रुग्णास रुग्णालयात ठेवून परत फिरकत नाही. बरे होऊनही नेणारे कोणी नसल्याने रुग्णालयांत राहिलेले रुग्ण हा महाराष्ट्रातील चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांपुढील जुना प्रश्न आहे. त्याला कुटुंबाचा निष्ठुरपणा म्हटले जाते. परंतु तो पुष्कळदा वेळीच न मिळालेल्या मदतीचा शेवट असतो.

अन्यत्र झालेले प्रयत्न : बेल्जियममधील गेल ह्या गावात मनोरुग्णांना सामान्य कुटुंबांतून ठेवून घेण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे, तेथे कुटुंबांना मोबदला व रुग्णालयाचे साहाय्य मिळते. ब्रिटनमध्ये १९६५ साली, वृद्ध आईवडिलांसाठी नोकरी सोडावी लागणाऱ्या अविवाहित स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली व १९७६ पासून शुश्रूषकांना भत्ता मिळू लागला. विवाहित स्त्री घरी असतेच, ह्या समजुतीने तिला त्यातून वगळले होते. ही अट न्यायालयीन लढ्यानंतर १९८६ मध्ये रद्द झाली. केरळ शासनाने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणास खिळलेल्यांच्या व तीव्र मानसिक रुग्णांच्या शुश्रूषकांस दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम अल्प असली, तरी ती रुग्णाच्या नावे नसून शुश्रूषकाच्या कामाबद्दल आहे, हे तिचे वेगळेपण होय.

महाराष्ट्रात ह्या कार्याचा आरंभ मुख्यत्वे स्वतः शुश्रूषा केलेल्या व्यक्तींकडून झाला. कॅनडातील कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी ह्यांनी पत्नीच्या आजारातून आलेल्या अनुभवावरून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली; तेथे शुभार्थी (रुग्ण) व शुभंकर (शुश्रूषक) ह्यांचे स्वमदत गट चालतात. ‘शुभंकर’ ह्या शब्दाने मराठीत शुश्रूषकास प्रथमच स्वतःचे सन्मानदर्शक नाव मिळाले. ठाण्यात १९९० मध्ये आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या देवराई (२००४) ह्या चित्रपटाने कोकणातील तरुणाचा छिन्नमानस व त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण मराठी प्रेक्षकांपुढे आणली. मात्र हे गट शहरांत आहेत. विखुरलेल्या वाड्यांच्या प्रदेशात दर आठवड्यास एकत्र जमणे कठीण असते. तेथे आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र व गावातील महिला बचत गट हेच असे साहाय्य घरापर्यंत नेऊ शकणारे दुवे होत.

रत्नागिरीच्या इतिहासावरून असे दिसते, की कायद्याने कुटुंबाकडे प्रथम हमीदार म्हणून, नंतर उपचाराचे साधन म्हणून आणि अगदी अलीकडे स्वतःच्या गरजा असलेली व्यक्ती म्हणून पाहिले. ही तिसरी दृष्टी कायद्यात येण्यास १८५८ पासून १५९ वर्षे लागली. देवळाचे गाऱ्हाणे जवळ होते, ते सबंध घराचे होते, त्याने कुळाला कलंक लागत नसे आणि त्यास कागद लागत नसे. वैद्यकीय साहाय्याने ह्या चार गोष्टी जेवढ्या प्रमाणात आत्मसात केल्या, तेवढ्या प्रमाणात ते वापरले गेले, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल.